पहिल्या वर्षाचे गुण मागे पडतील, मेकॅनिक्स मागे पडणार नाही

ताई,
मी बीड जिल्ह्यातल्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीनंतर पुण्यात एका कॉलेजात बीएस्सीला आले, मेजर फिजिक्स. पहिल्या सेमला वर्गात बोललेलं निम्मं कळायचं नाही. त्यातच दिवाळीआधी वडिलांचा अपघात झाला आणि महिना-दीड महिना मी घरीच होते. मेकॅनिक्स आणि गणित असे दोन विषय राहिले. दोन्ही केट्या पुढच्या परीक्षेत सुटल्या, पण त्या सेमचा एसजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण, ४.९ झाला. दुसऱ्या सेमला ५.६, मग ६.९, आणि आता चौथ्याला ७.८. टीवाय, म्हणजे तिसरं वर्ष, सुरू होतंय. मला एमएस्सी फिजिक्स करायचं आहे, जमलं तर पुढे पीएचडी. आमच्या एका सरांना विचारलं तर म्हणाले, ‘फर्स्ट इयर असं असताना आयआयटीचं डोक्यातून काढ, चौथं वर्ष इथेच कर.’ काका म्हणतात बी.एड. कर. मामेबहीण म्हणते जर्मनीला जा, तिथे फी नसते. झोपायला गेलं की तीच मार्कशीट डोळ्यांपुढे येते. मुलाखतीत पहिल्या वर्षाचं विचारलं तर खरं सांगायचं का? आणि मुळात अर्ज करण्यात काही अर्थ आहे का?
– टीवाय फिजिक्सची एक विद्यार्थिनी

अर्ज कर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आता वही-पेन घे. तुझ्या पत्रात भीती खूप आहे आणि हिशोब कुठेच नाही, म्हणून हिशोबापासून सुरुवात करू. प्रत्येक सेमचे क्रेडिट सारखे धरले, तर ४.९, ५.६, ६.९ आणि ७.८ यांची बेरीज २५.२ होते. चारने भाग, ६.३ आले. हा आजचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी. उरलेल्या दोन सेमना प्रत्येकी ८.५ मिळवलेस तर सहा सेमची सरासरी ७.०३ होते. एमएस्सीच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी किमान अट असते. कुठे ५५ टक्के, कुठे ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए, आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. तू कुठल्या प्रवर्गातली ते लिहिलेलं नाहीस, म्हणून मी खुल्या प्रवर्गाचीच अट धरते. पदवीअखेर ६.५ व्हायचे असतील तर तुला टीवायच्या दोन सेमना सरासरी ६.९ लागतात. चौथ्या सेमला ७.८ मिळवलेल्या मुलीला ६.९ जड नाहीत. म्हणजे ज्या दारापाशी तू दोन वर्षं घाबरून उभी आहेस, तिथून आत जाण्याइतके गुण तुझ्याजवळ जवळपास जमलेलेच आहेत.

एक दार मात्र खरंच बंद झालंय, तेही सांगते. चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ (संशोधनासह चौथं वर्ष) घ्यायचं, तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के लागतात, म्हणजे साधारण ७.५. तुझ्या बाबतीत त्यासाठी टीवायच्या दोन्ही सेमना ९.९ पडायला हवेत. ते होणार नाही आणि त्याच्यामागे धावूही नकोस. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायलाही ७५ टक्क्यांचीच अट आहे. सर ‘चौथं वर्ष इथेच कर’ म्हणतात ते काळजीपोटीच म्हणत असणार, पण तुझ्या गुणांवर त्या चौथ्या वर्षातून हा सरळ रस्ता निघत नाही. साधं ऑनर्स करून पुढे एका वर्षाची एमएस्सी करता येते, ते खरं आहे. मला मात्र तुझ्यासाठी तीन वर्षांवर पदवी घेऊन दुसऱ्या संस्थेत दोन वर्षांची एमएस्सी हाच रस्ता जास्त चांगला वाटतो. कारण असं, की यूजीसीच्या पीएचडीच्या नियमांत एमएस्सी झालेल्याला एमएस्सीचे ५५ टक्के विचारतात. नेटलाही, म्हणजे अध्यापक आणि संशोधकांसाठीच्या पात्रता परीक्षेलाही, तेच. तिथे बीएस्सीच्या पहिल्या सेमचे ४.९ कुणी मोजत नाही. दोन वर्षांच्या एमएस्सीत चार सेमची कोरी मार्कशीट तुझ्या हातात येते. तुझ्यासारखी सुरुवात अडखळलेल्या मुलांसाठी यापेक्षा मोलाची गोष्ट या सगळ्या व्यवस्थेत दुसरी नाही.

आता आयआयटी. तुझ्या सरांना आणि तुलाही बहुधा असं वाटतंय की तिथे कुणीतरी तुझी मार्कशीट उघडून बसेल आणि पहिल्या पानावरच मान हलवेल. तसं होत नाही. आयआयटींमधल्या एमएस्सीचे प्रवेश जॅम या परीक्षेच्या रँकवर होतात, त्याला मुलाखत नसते. पदवीचे गुण पात्रतेपुरते बघतात, तुझा क्रमांक परीक्षा ठरवते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात चार पर्यायांतला एक निवडायचा, उत्तर चुकलं तर गुण कापतात. दुसऱ्या भागात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे ओळखले तरच गुण, अर्धवटाला काही नाही. तिसऱ्या भागातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः काढून टाकायचा. शेवटच्या दोन भागांत चुकीचे गुण कापत नाहीत. या परीक्षेला वयाची अट नाही आणि पुन्हा देता येते. त्या पेपरला तू मराठी माध्यमातली होतीस की कॉन्व्हेंटमधली, पहिल्या सेमला गैरहजर होतीस की नव्हतीस, हे काही माहीत नसतं.

पण म्हणून निश्चिंत होऊ नकोस. खरी अडचण इथूनच पुढे आहे आणि ती तुझ्या पत्रात कुठेच आलेली नाही.

जॅमच्या फिजिक्सचा अभ्यासक्रम उघडून बघ. गणिती पद्धती, मेकॅनिक्स, दोलनं-तरंग-प्रकाश, विद्युत-चुंबकत्व, ऊष्मागतिकी, मॉडर्न फिजिक्स, शेवटी सॉलिड स्टेट आणि इलेक्ट्रॉनिक्स. यातलं बरंचसं एफवाय-एसवायला, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, झालेलं आहे, आणि त्यातही नेमकं गणित आणि मेकॅनिक्स, ज्यात तुझ्या केट्या होत्या. केटी ‘सुटली’ असं आपण म्हणतो, पण ४० गुण काढून सुटलेला पेपर आणि येणारा विषय यात फार अंतर असतं. तू मार्कशीटवरच्या ४.९ ला घाबरतेस. मला काळजी आहे ती त्या सेममध्ये शिकायच्या राहून गेलेल्या गोष्टींची. गुणांचं वजन दरवर्षी कमी होत जाईल. न शिकलेलं मेकॅनिक्स मात्र जॅमच्या पेपरात येईल, एमएस्सीला क्लासिकल मेकॅनिक्स म्हणून येईल, क्वांटममध्ये येईल आणि पीएचडीच्या मुलाखतीत पुन्हा येईल.

एक प्रश्न देते, आत्ताच सोडव. चेंडू सरळ वर फेकला. हवेचा विरोध धरायचा. चेंडूला वर जायला जास्त वेळ लागेल की खाली यायला? टीवायची बरीच मुलं लगेच समीकरण मांडतात, विरोध वेगाच्या प्रमाणात धरायचा की वेगाच्या वर्गाच्या, इथेच अडकतात आणि दहा मिनिटं जातात. समीकरण नकोच. जमिनीपासून कुठलीही एक उंची घे. चेंडू तिथून दोनदा जातो, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना. उंची तीच, म्हणून स्थितिज ऊर्जा तीच. पण या दोन वेळांच्या मध्ये हवेने काही ऊर्जा घेतलेली आहे, म्हणून खाली येतानाची गतिज ऊर्जा कमी, म्हणजे वेग कमी. हे प्रत्येक उंचीला खरं आहे. तेवढंच अंतर, प्रत्येक ठिकाणी वेग कमी, म्हणून खाली यायला जास्त वेळ. संपलं. यात बारावीपलीकडचं काही नाही, पण ‘सुटलेल्या’ मेकॅनिक्सला हे सुचत नाही, ‘शिकलेल्या’ मेकॅनिक्सला सुचतं. तुला सुचलं असेल तर तू बरीच पुढे आहेस. नसेल सुचलं तर आजपासून काय करायचं ते कळलं.

एफवायचं मेकॅनिक्सचं आणि गणिताचं पुस्तक पुन्हा काढ आणि या वेळी उत्तर पाठ करायला नव्हे, गणितं सोडवायला बस. फिरती चौकट, कोनीय संवेग, जडत्वाघूर्ण, अवमंदित दोलक. गणितात आंशिक अवकलन, सदिशांचं कलन, मॅट्रिक्स, साधी अवकल समीकरणं. विचार मराठीत कर, हवं तर कडेला मराठीतच लिही. पेपर इंग्रजीत असतो, पण तिथे वाक्यं लिहायची नसतात, प्रश्न नीट वाचता आला पाहिजे. त्याला एक सोपा उपाय आहे. मागच्या वर्षांचे पेपर जॅमच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज त्यातले चार-पाच प्रश्न नुसते वाच आणि ‘यात दिलंय काय, मागितलंय काय’ एवढंच मराठीत एका ओळीत लिही. सोडवणं नंतर. दोन महिन्यांत त्या इंग्रजीची भीती उरणार नाही, कारण प्रश्नांची भाषा फार ठरावीक असते.

टीवायचे ८.५ आणि जॅम हे दोन्ही एकदम कसं जमायचं, असं वाटेल. दोन्हींचा अभ्यास बराच एक आहे. टीवायला जे क्वांटम, सॉलिड स्टेट, इलेक्ट्रॉनिक्स येतं ते वर्गात चालू असतानाच जॅमच्या दर्जाने कर, म्हणजे ते पुन्हा करावं लागणार नाही. पाचव्या सेमच्या परीक्षेपर्यंतचे हे महिने एफवायच्या दोन विषयांसाठी, आणि परीक्षा झाली की फेब्रुवारीपर्यंत घड्याळ लावून पूर्ण पेपर. क्लास लावायची ऐपत नसेल तर त्यावाचून अडत नाही. ज्या मुलीने स्वतःच्या बळावर ५.६ वरून ७.८ गाठले तिला शिस्त दुसऱ्याकडून विकत घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. मुलींना फी जवळपास निम्मी असते. आणि जॅमचा उपयोग आयआयटीपुरताच नाही. एनआयटींच्या एमएस्सीचे प्रवेशही जॅमच्या गुणांवर, सीसीएमएन नावाच्या समुपदेशनातून होतात, त्यात आपलं नागपूरचं व्हीएनआयटी आहे. बंगळुरूचं आयआयएससी आणि पुण्याचं आयसर या विज्ञानसंस्था इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) जॅम धरतात, तिथे पुढे मुलाखत असते. याखेरीज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाला सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. या तिन्ही परीक्षा दे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एमएस्सी करणं म्हणजे आयआयटी हुकल्याची भरपाई, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. तो विभाग चांगला आहे आणि आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्याच आवारात आहे. खगोलभौतिकी आवडत असेल तर इतकं जवळ दुसरं काय मिळणार?

आता मुलाखत. ‘खरं सांगायचं का?’ असं विचारलंयस. खरंच सांगायचं, आणि थोडक्यात. माझा अनुभव असा की मुलं इथे दोन टोकं गाठतात. काही जण पहिल्या वर्षाचा विषयच निघू नये म्हणून देवाला नवस बोलतात आणि निघालाच तर गडबडतात. काही जण आईवडील, आजारपण, हॉस्टेल, मेस, सगळं सांगायला लागतात आणि पाच मिनिटं त्यातच जातात. समोरच्या माणसांना तुझ्या दुःखाची परीक्षा घ्यायची नसते. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: जे झालं त्याचं कारण संपलंय का, आणि आता विषय येतो का.

तू असं सांग: ‘पहिल्या सेमिस्टरला माझे मेकॅनिक्स आणि गणित राहिले. त्या काळात वडिलांचा अपघात झाला होता आणि मी दीड महिना घरी होते. शिक्षणाचं माध्यमही नुकतंच बदललं होतं. पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले. पण ते कच्चे राहिले होते, म्हणून टीवायला असताना मी ते पुन्हा पहिल्यापासून केले.’ बस. इंग्रजीत याची चार-पाच वाक्यं होतात, ती मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून बघ. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते खरं असायला हवं, कारण त्यानंतर समोरून मेकॅनिक्सचाच प्रश्न येण्याची दाट शक्यता आहे. येऊ दे. त्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर नीट मांडलंस की ४.९ चा विषय तिथेच मिटतो. मुलाखतीच्या दृष्टीने तुझी सगळ्यात कच्ची बाजू हीच सगळ्यात पक्की करता येण्यासारखी आहे, कारण प्रश्न कुठून येणार हे तुला आधीच माहीत आहे.

अर्जासोबत स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हेच का शिकायचंय याचं निवेदन, मागितलं तर त्यातही हेच, एका परिच्छेदात आणि शेवटाकडे. सुरुवात तुझ्या विषयाने कर. कुठला प्रयोग करताना, कुठली गोष्ट समजली तेव्हा वाटलं की हेच करायचं, ते लिही. पहिलंच वाक्य क्षमा मागणारं असलं की वाचणारा पुढचं सगळं त्याच नजरेने वाचतो. आणि वडिलांच्या अपघाताबद्दल लिहिताना संकोच वाटून घेऊ नकोस. तू घरी गेलीस, राहिलीस, हे बरोबरच केलंस. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शिफारसपत्र त्या सरांकडे मागू नकोस. त्यांच्यावर राग धरूनही नव्हे, त्यांच्या मनात तुझं एफवायचं चित्र आहे एवढ्याचसाठी. ज्यांनी तुला एसवायला प्रॅक्टिकलला पाहिलंय त्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. ‘सिन्सिअर आणि हार्डवर्किंग’ असं प्रत्येकाच्या पत्रात असतं, त्याने काही होत नाही. न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगात वाचन का जुळत नाही म्हणून तू प्रॅक्टिकल संपल्यावरही थांबली असशील, जर्नलमध्ये त्रुटीचा हिशोब स्वतः केला असशील, असं काही त्यांनी पाहिलेलं असतं आणि ते विसरलेले असतात. म्हणून जाताना एक पानभर टिपण ने: सेमनिहाय गुण, त्यांच्याकडे केलेले प्रयोग, एखाद-दुसरी आठवण, कुठे अर्ज करतेस आणि मुदत कधी. तीन आठवडे आधी दे. गुणांचा चढता क्रम स्वतःहून त्यांच्या नजरेला आण. चारही मार्कशीट समोर ठेवून ‘सर, माझं पहिलं वर्ष असं होतं आणि आता असं आहे, हे पत्रात लिहाल का?’ असं सरळ विचार. हे विचारण्यात आगाऊपणा नाही.

चढता क्रम माणसांना दिसतो, सूत्रांना दिसत नाही, हे जर्मनीबद्दल बोलताना लक्षात ठेवावं लागेल. मामेबहीण म्हणते ते बऱ्याच अंशी खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. ती रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासूनची आहे, अर्जाच्या वेळी काय आहे ते बघावं लागेल. रुपयांत ती दहा लाखांच्या वर जाते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. आणि तिथे आपले गुण एका सूत्रातून त्यांच्या मापात बदलतात: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव. आपल्याकडे सर्वोच्च १०, उत्तीर्ण ४. आजच्या ६.३ चे होतात २.८५. टीवायनंतरच्या ७.०३ चे होतात २.४९ च्या आसपास. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते. म्हणजे टीवायची दोन सेम तुला त्या रेषेच्या पलीकडून अलीकडे आणतात, अगदी काठाने. त्यातही तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं चालवून घेतात, काही घेत नाहीत. मला विचारशील तर आत्ता जर्मनी बाजूला ठेव. इथे एमएस्सी चांगली झाली की पीएचडीसाठी जर्मनीचं दार जास्त सहज उघडतं, कारण तिथे पीएचडी करणाऱ्यांना बहुधा पगार किंवा शिष्यवृत्ती असते. बाबांच्या अपघातानंतर घराने दहा-बारा लाख उभे करावेत, असा हा क्षण नाही.

काकांचं बी.एड. मनाला लावून घेऊ नकोस. ते नोकरीचा विचार करताहेत, आणि ज्या घरात असं संकट येऊन गेलंय तिथे तो विचार रास्त आहे. शिक्षकी पेशा हलका नाही, तुझ्याच गावात विज्ञान नीट शिकवणारं कुणी असतं तर तुझी पहिली सेम वेगळी गेली असती. फक्त त्यांना दोन गोष्टी सांग. बी.एड. एमएस्सीनंतरही करता येतं, आणि तेव्हा ज्युनिअर कॉलेजवर शिकवण्याचाही रस्ता खुला होतो. दुसरं म्हणजे, नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, हे २०२३ पासूनचे दर आहेत. बऱ्याच घरांत पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं बापाच्या जिवावर शिकणं असा समज असतो. आकडा सांगितला की बोलणं बदलतं. तू बोलताना बाबांना समोर बसव. पत्रात सगळ्यांची मतं आहेत, बाबांचं नाही. तुझ्या शिक्षणाबद्दल त्यांना काय वाटतं ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐक.

आणि या वर्षी नाहीच जमलं तर? जॅमचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता चालतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. एक वर्ष थांबायची वेळ आली तर रिकामं थांबू नकोस. जिथे प्रवेश मिळेल तिथे एमएस्सी सुरू कर आणि तिथूनच पीएचडीसाठीच्या नेट, गेट, जेस्ट या परीक्षांची तयारी कर. बीएस्सीच्या कॉलेजपेक्षा एमएस्सीत काय शिकलीस आणि प्रोजेक्ट कुणाकडे केलास, हे पीएचडीला जास्त बघतात.

शेवटचं, आणि हे या आठवड्यातच करायचं. ओबीसीतून अर्ज करणार असशील तर नॉन-क्रिमिलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या प्रवेशांसाठी काढलेला तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसलाही त्यांचाच नमुना आणि चालू वर्षाचा दाखला लागतो. दरवर्षी चांगल्या रँकची मुलं ऐन वेळी या कागदापायी धावपळ करताना मी पाहते. नमुना जॅमच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो छापून घे आणि सुट्टीत गावी जाशील तेव्हा सेतूमध्ये दे. नमुना न बघताच राज्याचा दाखला हातात ठेवला, तर तिथल्या तिथे बदलून माग.